जुन्या विमानाला नवं इंजिन, की नवंच विमान? वाचकांचे प्रश्न

बोइंग ७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ साली, एअरबस ए३२० उडालं १९८७ साली. आज पुणे, नागपूर किंवा गोव्याहून सुटणारी बहुतेक मोठी विमानं याच दोन घराण्यांतली असतात. या महिन्यातले प्रश्न जवळजवळ सगळे याच गोष्टीभोवतीचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (नाशिक): मोटारीचं मॉडेल पाच-सात वर्षांत बदलतं. मग विमान कंपन्या साठ वर्षांपूर्वीचं डिझाइन अजून का विकतात?

मोटारीचं मॉडेल बदलतं म्हणजे पुष्कळदा पत्रा आणि डॅशबोर्ड बदलतो. विमान विकत घेणाऱ्याला पत्र्याचं कौतुक नसतं. एका प्रवाशामागे इंधन किती जळतं, एवढंच तो बघतो. इंधनाची मोठी बचत इंजिनातून येते आणि खरोखर नव्या पिढीचं इंजिन वीसेक वर्षांतून एकदा बाजारात येतं. ते आलं की विमान बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: जुन्याच पंखाखाली ते टांगायचं, किंवा त्याच्याभोवती नवं विमान उभं करायचं.

पहिल्या वाटेचं उदाहरण ए३२०निओ. एअरबसने डिसेंबर २०१० मध्ये घोषणा केली आणि जानेवारी २०१६ मध्ये पहिलं विमान लुफ्तान्साकडे गेलं. सुरुवातीला सांगितलेला विकासखर्च १ अब्ज युरोच्या थोडा वर होता. दुसऱ्या वाटेची उदाहरणं बघा. बोइंग ७८७ची घोषणा २००४ची, विमान मिळायचं होतं २००८ला, मिळालं २०११ला. कॅनडाच्या बॉम्बार्डियरने २००८ मध्ये सी सिरीज हे अगदी कोरं विमान काढायला घेतलं. ते २०१६ मध्ये सेवेत आलं, तोवर खर्च ५ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. मधल्या काळात क्यूबेकच्या प्रांतिक सरकारला १ अब्ज डॉलर ओतावे लागले. अखेर २०१८ मध्ये निम्म्याहून किंचित जास्त वाटा नाममात्र एका डॉलरला एअरबसकडे गेला. आज तेच विमान ए२२० म्हणून विकलं जातं. विमान उत्तम, धंदा बुडाला.

शिवाय जुन्या डिझाइनचे साचे, जोडणीचे सांगाडे, सुट्या भागांचे पुरवठादार सगळे तयार असतात. ७३७चं धड कॅन्ससमधल्या विचिटा इथे बनतं आणि रेल्वेच्या वाघिणीवरून सिअ‍ॅटलजवळच्या रेंटनला जातं. धडाची रुंदी बदलली तर तो सारा जामानिमा नव्याने करावा लागेल.

तेव्हा वय किती, हा प्रश्नच नाही. शिंपी लहान मुलाचा सदरा शिवताना शिवणीत माया ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतो. विमानाचंही तसंच. मूळ आखणीत माया किती ठेवली होती, यावर ते आणखी किती वर्षं वाढवता येईल हे ठरतं.

प्रश्न (सोलापूर): इंजिन थोडं मोठं झालं तर एवढं काय बिघडतं? खाली टांगायचंच तर आहे.

कुठे टांगायचं, तिथेच खरी अडचण आहे. थोडी हवा जोरात मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश फेकली तर तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. म्हणून प्रत्येक पिढीत इंजिनाच्या तोंडाचा फॅन मोठा होत गेला. गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या किती पट हवा बाहेरच्या बाहेर जाते, त्याला बायपास रेशो म्हणतात. पहिल्या ७३७च्या जेटी८डी इंजिनात तो साधारण १ होता, १९९७च्या ७३७ नेक्स्ट जनरेशनमध्ये ५च्या वर गेला, आता ७३७ मॅक्स या ताज्या आवृत्तीच्या लीप-१बी इंजिनात ९च्या आसपास आहे.

मूळ ७३७ बुटकं केलं होतं ते मुद्दाम. साठच्या दशकातल्या लहान विमानतळांवर शिड्या आणि बॅगा चढवणारी यंत्रं नसायची. विमान जमिनीलगत असलं की माणसं हातानेच सामान भरू शकत. तेव्हाचं इंजिन सिगारसारखं बारीक, पंखाला चिकटून बसणारं, त्यामुळे उंची कमी असूनही कुणाची तक्रार नव्हती.

१९८४ साली ७३७-३०० आलं, फॅन १.५२ मीटरचा झाला आणि जागा संपली. तेव्हा इंजिनाच्या पोटाखालचे गिअरबॉक्स, पंप वगैरे बाजूला सरकवले आणि आवरण तळाशी चपटं केलं. हॅमस्टरच्या गालांसारखं दिसणारं ते इंजिन तुम्ही पाहिलं असेल. ती शेवटची माया होती, आणि १९८४लाच उसवली.

पुढे मॅक्सला १.७६ मीटरचा फॅन बसवायचा तर इंजिन पुढे आणि वर सरकवावं लागलं, पुढच्या चाकाचा पाय सुमारे २० सेंटिमीटरने वाढवावा लागला. तरीही इंजिन आणि जमीन यांच्यात ४३ सेंटिमीटर उरले. पंखाखालचे मुख्य पाय वाढवणं सोपं नाही: दोन्ही पाय घडी होऊन पोटात एकमेकांसमोर बसतात, ते लांब केले की पंखाच्या मुळाचा सांगाडाच बदलावा लागतो. सर्वांत लांब ७३७-१० साठी म्हणून तरफेचा पाय करावा लागला. तो उड्डाणाच्या वेळी लांब होतो आणि आत जाताना आखडतो.

याउलट ए३२० वीस वर्षांनंतरचं, मोठ्या फॅनच्या जमान्यात आखलेलं. त्याचे पाय मुळातच उंच. त्यामुळे निओला लीप-१ए चा १.९८ मीटरचा किंवा प्रॅट अँड व्हिटनीचा २.०६ मीटरचा फॅन पाय न वाढवता बसला. एकाच कंपनीचं, एकाच पिढीचं लीप इंजिन. पण बोइंगला ते २२ सेंटिमीटर बारीक करून घ्यावं लागलं. कार्यक्षमतेतला तोटा कुणी जाहिरातीत लिहीत नाही, पण तो फॅनच्या व्यासात मोजता येतो.

प्रश्न (कल्याण): मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ७३७ मॅक्समधल्या एमकॅस या यंत्रणेबद्दल दोन टोकाच्या गोष्टी वाचतो. ‘विमानच असंतुलित होतं म्हणून सॉफ्टवेअर लावलं’ हे खरं का?

तसं म्हणणं ढोबळ आहे. पुढे सरकलेल्या मोठ्या इंजिनाचं आवरण स्वतःच थोडी उचल देतं, पण फक्त नाक खूप वर असताना. गुरुत्वमध्याच्या पुढे मिळणाऱ्या त्या उचलीमुळे स्टॉलच्या (पंखाची उचल अचानक तुटते त्या अवस्थेच्या) जवळ जाताना कंट्रोल कॉलम हलका लागतो. नियम उलटं सांगतो: वैमानिक जितकं नाक वर ओढेल तितका जोर त्याला जास्त लावावा लागला पाहिजे. तो फरक भरून काढण्यासाठी शेपटीचा आडवा स्टॅबिलायझर आपोआप हलवणारी युक्ती म्हणजे एमकॅस.

कल्पना चुकीची नव्हती, घात झाला तपशिलात. सुरुवातीला ती फक्त जास्त वेगात, दोन वेगळ्या मापांवरून चालणार होती आणि एका वेळी स्टॅबिलायझर ०.६ अंश हलवणार होती. चाचणीत कमी वेगातही गरज दिसली तेव्हा हालचाल २.५ अंशांपर्यंत वाढवली. दुसरं माप काढून टाकलं आणि उरला एकच सेन्सर: नाकाच्या बाजूला असलेलं, वाऱ्याशी किती कोन झाला ते सांगणारं पातं. त्यात, वैमानिकाने ट्रिमचं, म्हणजे स्टॅबिलायझर हलवायचं, बटण दाबलं की पाच सेकंदांनी यंत्रणा पुन्हा कामाला लागायची. म्हणजे चुकीचं माप येत राहिलं तर ती नाक पुन्हापुन्हा खाली दाबणार.

ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरच्या विमानात ते पातं सुमारे २१ अंश चुकीचं दाखवत होतं. १८९ माणसं गेली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात १५७. दुसऱ्या अपघातात वैमानिकांनी सांगितल्याप्रमाणे विजेचं ट्रिम बंद केलं, पण वेग इतका होता की हाताने फिरवायचं ट्रिम व्हील त्यांना हलवता येईना.

दुरुस्तीनंतर काय बदललं ते नेमकं बघा. आता दोन्ही बाजूंच्या सेन्सरांची तुलना होते. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) आत असताना दोघांत ५.५ अंशांहून जास्त फरक आला तर एमकॅस बंद पडतं. एका प्रसंगात ते एकदाच चालतं. आणि वैमानिकाने कॉलम ओढून आवरता येणार नाही इतकं ते कधीच हलवू शकत नाही. दोन सेन्सरांत फरक असल्याचा इशारा सगळ्या विमानांत चालू झाला. आधी तो एका वैकल्पिक उपकरणाशी जोडलेला असल्यामुळे बहुतेक विमानांत चालतच नव्हता. वैमानिकांना सिम्युलेटरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये उड्डाणाला परवानगी दिली, भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये.

अभ्यासाच्या दृष्टीने एक गोष्ट टिपून ठेवा. हे सगळे बदल सुरुवातीलाच करणं तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य होतं.

प्रश्न (पुणे): मग ते सुरुवातीलाच का केले नाहीत? नियामकांनी कसं सोडलं?

इथे जुन्या डिझाइनचा दुसरा, न दिसणारा भाग येतो: कागद. प्रत्येक प्रकारच्या विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्याच्या आखणीला मंजुरी देणारं प्रमाणपत्र, असतं. मॅक्स हे ७३७च्या मूळ सर्टिफिकेटमध्ये भर घालून मंजूर झालं, तसंच निओ ए३२०च्या. अमेरिकी नियम २१.१०१ आणि त्याचा युरोपीय जुळा म्हणतो, की मोठा बदल केलात तर बदललेल्या भागाला आजचे नियम लावा; मात्र जो भाग बदललाच नाही, किंवा जिथे नवा नियम लावणं व्यवहार्य नाही, तिथे जुना चालेल. हे ‘व्यवहार्य नाही’ फार लवचीक आहे.

उदाहरण द्यायचं तर ७५७ आणि ७६७पासून बोइंगच्या नव्या विमानांत बिघाड झाला की काय बिघडलं, किती तातडीचं आहे, हे पडद्यावर क्रमाने येतं. ७३७मध्ये ते नाही. तिथे दिवे, हॉर्न आणि आठवण यांवर काम चालतं. अपघातांनंतर अमेरिकी काँग्रेसने २०२०च्या अखेरीस कायदा केला, की दोन वर्षांनंतर मंजूर होणाऱ्या विमानांत आधुनिक इशारा-यंत्रणा हवीच. मुदत संपली तेव्हा ७३७-७ आणि ७३७-१० मंजूर झालेली नव्हती. त्यांना सूट मिळाली. बदल्यात कोनाचं तिसरं, गणिताने काढलेलं माप आणि चुकीचा स्टॉल-इशारा बंद करण्याची सोय ही अट आली.

दुसरी बाजू पैशाची. एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे वैमानिकाच्या एकाच परवान्यावर, जुनं-नवं दोन्ही उडवता आलं तर वैमानिकांचं वेळापत्रक एकच राहतं, सिम्युलेटर एकच पुरतं. साउथवेस्ट एअरलाइन्सशी बोइंगचा करारच असा होता, की मॅक्ससाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर कमी घ्यायचे. अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत तो उघड झाला. अशा करारानंतर प्रत्येक बदल ‘वैमानिकाला जाणवणार नाही’ असाच करायचा दबाव येतो. एमकॅसचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेत नव्हता, त्याचं मूळ इथे आहे. आमच्या मते जुन्या विमानाच्या नव्या आवृत्तीतला खरा धोका हाच. पत्रा जुना असण्यात काही वाईट नाही.

प्रश्न (कोल्हापूर): निओ १५ टक्के इंधन वाचवतं असं सांगतात, ते खरं किती? विमान कंपनीला ती परवडते का?

आधी एक लक्षात घ्या: १५ टक्क्यांत सगळा वाटा इंजिनाचा नाही. पंखाच्या टोकाला उभे २.४ मीटर उंचीचे शार्कलेट असतात. लांबच्या उड्डाणात ते एकटेच ४ टक्क्यांपर्यंत वाचवतात. जुन्या ए३२०लाही २०१२च्या अखेरीपासून ते मिळू लागले. त्यामुळे शार्कलेट असलेल्या जुन्या विमानाशी तुलना केली तर फरक कमी दिसतो.

शिवाय नवं इंजिन जड. इंजिन, त्याचा खांब आणि पंखाची मजबुती धरून निओ पावणेदोन टनांच्या आसपास जड झालं. मुंबई-गोव्यासारख्या तासाभराच्या उड्डाणात वजन पूर्ण उचलावं लागतं आणि शार्कलेटला काम करायला वेळ मिळत नाही. म्हणून छोट्या टप्प्यावर बचत कमी, लांब टप्प्यावर जास्त.

ढोबळ हिशेब असा. जुनं ए३२० तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं. वर्षाला ४,००० तास उडालं तर १०,००० टन. त्याचे १५ टक्के म्हणजे १,५०० टन, लिटरमध्ये पावणेएकोणीस लाख. भारतात विमान इंधनावर राज्यांचा व्हॅट असल्यामुळे इथे दर लिटरची बचत जास्त मोलाची. इंडिगोने २०११ मध्येच १५० निओ का मागवली, हे या आकड्यातून कळतं. उलट ज्यांची जुनी विमानं फेडून झालीत आणि दिवसाला सहा-सात तासच उडतात, त्यांना नवं विमान घेण्याची घाई नसते. खनिज तेल स्वस्त झालं की भंगारात जाणारी विमानं मागे राहतात, तेही यामुळेच.

प्रश्न (मुंबई): नुसतं इंजिन बदललं तर धोका कमी, असं तुम्ही सुचवता. मग निओ उडवणारी गो फर्स्ट ही विमान कंपनी का बंद पडली?

नवं इंजिन नवंच असतं, ते जुन्या पंखाखाली टांगलं म्हणून जुनं होत नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनात फॅन आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे. फॅन टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो. लोकांना भीती गिअरची वाटत होती. गिअर नीट चालला, बाकीचं बिघडलं.

पहिली अडचण सुरू करतानाच. इंजिन बंद केल्यावर गरम हवा वर चढते, त्यामुळे आतल्या दांड्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा उशिरा थंड होते आणि दांडा केसभर वाकतो. तसाच सुरू केला तर पाती आवरणाला घासतील. म्हणून आधी काही वेळ नुसतं फिरवून त्याला सरळ होऊ द्यावं लागे. युरोपातल्या एखाद्या संथ वेळापत्रकात ते चालून जाईल. अर्ध्या तासात विमान परत उडवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांची त्याने तारांबळ उडाली. पुढे सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांनी हा वेळ कमी झाला.

मग कंबशन चेंबर आणि सील लवकर झिजू लागले. इंजिनं कार्यशाळेत, बदली इंजिनं मिळेनात, विमानं उभी. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कारण इंजिनांचंच दिलं. पैशाची तंगी आधीपासून होती, ते वेगळं. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. २०१५च्या अखेरीपासून २०२१पर्यंत काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या होत्या, तिच्यात सूक्ष्म अशुद्धी होती. त्या चकत्या काढून अल्ट्रासोनिक तपासणी करायची म्हणजे एकेक इंजिन महिनोन्‌महिने पंखावरून उतरलेलं. इंडिगोचीही कितीतरी विमानं त्यात अडकली.

म्हणून एकाच विमानाला दोन कंपन्यांची इंजिनं बसतात, ही ए३२०ची सोय ग्राहकाला फार उपयोगी पडते. मॅक्सला तो पर्याय नाही.

प्रश्न (रत्नागिरी): मोठ्या विमानांतही हाच प्रकार आहे का?

आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंची फजिती बघायला मिळते. ७८७ला उत्तर म्हणून एअरबसने २००४ मध्ये ए३३०च्याच धडाला नवं इंजिन आणि नवा पंख लावून ‘ए३५०’ पुढे केलं. मोठे ग्राहक आणि विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, हे जुनंच ताट पुन्हा वाढलंत. २००६ मध्ये एअरबसला सगळं खोडून रुंद धडाचं, कार्बन फायबरचं नवं ए३५० आखावं लागलं. गंमत म्हणजे २०१४ मध्ये त्यांनी ए३३०निओ काढलंच. तोवर ७८७ महाग आणि रांगेत अडकलेलं होतं, त्यामुळे स्वस्त आणि लवकर मिळणाऱ्या विमानाला गिऱ्हाईक होतं.

बोइंगने ७७७बाबत उलट केलं: नाव सुधारणेचं, काम जवळजवळ नव्या विमानाचं. ७७७एक्सला कार्बन फायबरचा नवा पंख आहे, उघडा ७१.७५ मीटर आणि टोकं दुमडली की ६४.८५. टोकं दुमडायची ती ६५ मीटरच्या आतल्या पार्किंगमध्ये मावण्यासाठी. ३.४ मीटर फॅनचं जीई९एक्स इंजिन आहे. २०१३ मध्ये घोषणा करताना २०२०चा वायदा होता. आता पहिलं विमान २०२७ मध्ये मिळायचं आहे. मध्ये इंजिनाच्या कॉम्प्रेसरचा टिकाऊपणा कमी पडला, जमिनीवरच्या भारचाचणीत अंतिम भाराच्या ९९ टक्क्यांवर धडाचा मागचा भाग फाटला, २०२४ मध्ये इंजिन पंखाशी जोडणाऱ्या दुव्याला भेगा सापडल्या. त्यात मॅक्सनंतर ‘हे जुनंच आहे’ हा युक्तिवाद नियामकांनी ऐकणं बंद केलं. एअर इंडियाने २०२३ मध्ये मागवलेली दहा ७७७एक्स याच रांगेत आहेत.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): चीनने सी९१९ हे नवं विमान काढलं. ते निओपेक्षा चांगलं असायला हवं ना?

कागदावर तसं वाटतं. पण त्याच्या पंखाखाली लीप-१सी आहे, म्हणजे निओ आणि मॅक्सचाच भाऊबंद. इंजिन तेच असेल तर नव्या धडातून आणि पंखातून मिळणारी बचत थोडीच उरते. २००८ मध्ये कंपनी स्थापन झाली, २०१७ मध्ये पहिलं उड्डाण, मे २०२३ मध्ये सेवा. चीनला त्यातून विमान बनवायची विद्या मिळाली. इंधनाच्या बिलात क्रांती झाली नाही. जाता जाता: लीपचे काही भाग जीईच्या चाकणच्या कारखान्यातही बनतात.

प्रश्न (ठाणे): २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचा दरवाजा हवेत उडाला, तो जुन्या डिझाइनमुळे?

नाही. ती बांधणीतली चूक होती. वापरात नसलेल्या दाराच्या जागी जो बंद तुकडा बसवतात, तो रेंटनच्या कारखान्यात खिळ्यांच्या दुरुस्तीसाठी उघडला आणि परत लावताना त्याला जागेवर धरून ठेवणारे चारही बोल्ट बसवलेच गेले नाहीत. कोऱ्या डिझाइनच्या विमानातही हे घडू शकलं असतं.

प्रश्न (नागपूर): एचएएलने रशियाच्या एसजे-१०० साठी करार केला. आपण परक्याचं जुनं विमान घ्यावं, की आपलं नवं बनवावं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला तो सामंजस्य करार आहे. भारतात याआधी पूर्ण प्रवासी विमान बनलं ते अ‍ॅव्ह्रो एचएस-७४८, कानपूरला, १९६१ ते १९८८.

एसजे-१०० म्हणजे २००८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं सुखोई सुपरजेट, सुमारे शंभर आसनांचं. त्याची नवी आवृत्ती इंधनासाठी काढलेली नाही. निर्बंधांमुळे पाश्चिमात्य भाग मिळेनासे झाले, म्हणून फ्रेंच-रशियन इंजिनाऐवजी रशियन पीडी-८ आणि डझनावारी रशियन यंत्रणा बसवाव्या लागल्या. म्हणजे सुधारणेचा सगळा खर्च आणि जोखीम, पण ग्राहकाला बचत नाही. बदललेली प्रत्येक यंत्रणा नव्याने सिद्ध करावी लागते, आणि आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची मंजुरी वेगळी.

विचार करायचा तो विक्रीनंतरच्या सेवेचा. नागपूरच्या विमानतळाशेजारी मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र आहे. तिथे येणारं विमान किती दिवस उभं राहतं ते सुटा भाग किती तासांत येतो यावर ठरतं. सुपरजेट आधी रशियाबाहेर फसलं ते इंजिनाचे भाग वेळेवर न मिळाल्यामुळे. परवान्यावर जोडणी करायचीच असेल तर इंजिनाच्या दुरुस्तीचा परवाना आणि भागांचा साठा करारात आधी लिहून घ्यावा, जोडणीचा शेवटी.

प्रश्न (पणजी): मग खरोखर नवं लहान विमान येणार कधी?

जुन्या पंखाखाली मावणारच नाही असं इंजिन येईल तेव्हा. लीप बनवणारी सीएफएम कंपनी २०२१पासून उघड्या पात्यांच्या इंजिनावर काम करते आहे; आवरण नाही, फॅन साधारण ४ मीटरचा, उद्दिष्ट आजच्यापेक्षा २० टक्के कमी इंधनाचं. ७३७ सोडाच, ए३२०चे पायही त्याला पुरणार नाहीत. एअरबस २०३०च्या दशकाच्या उत्तरार्धाची भाषा करते.

दुसरी मर्यादा पंखाची. लहान विमानांच्या पार्किंगला ३६ मीटरची हद्द असते. शार्कलेटवालं ए३२० ३५.८० मीटर, मॅक्स ३५.९२. तिथे मॅक्सकडे आता आठ सेंटिमीटर माया उरली आहे. पंख आणखी लांब करायचा तर ७७७एक्ससारखी टोकं दुमडावी लागतील, आणि दुमडणारा पंख जुन्या सांगाड्यावर चढवणं म्हणजे नवं विमान करण्याइतकंच काम.

प्रश्न (सातारा): विमानतळावर उभ्याउभ्या जुनं-नवं कसं ओळखायचं?

७३७ असेल तर इंजिनाच्या आवरणाची मागची कड बघा. करवतीसारखे दाते असतील तर मॅक्स. पंखाचं टोक वर आणि खाली असं दोन्हीकडे फाकलेलं असेल तर बहुतेक मॅक्सच, पण तशी टोकं काही जुन्या ७३७लाही नंतर बसवली आहेत, तेव्हा भरवसा दात्यांवर ठेवा. ए३२०मध्ये शार्कलेटवर जाऊ नका. इंजिनाचं तोंड किती रुंद आहे ते बघा. निओचं तोंड इतकं मोठं की जुन्याशेजारी उभं असलं तर लगेच कळतं.

आत बसल्यावर समोरच्या खिशातलं सुरक्षा कार्ड काढा. ७३७-८०० लिहिलं असेल तर ते जुनं, नेक्स्ट जनरेशन. ७३७-८ लिहिलं असेल तर ते मॅक्स. एअर इंडिया एक्सप्रेसकडे दोन्ही आहेत, आकासाकडे फक्त मॅक्स.